तिच्यासमोर मराठीत

दिल्लीतल्या मराठी माणसांना एक वाईट खोड असते, आणि ती मला लग्न होऊन इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात लागली. चारचौघांत खुशाल मराठीत बोलायचं आणि कुणाला कळत नाही असं धरून चालायचं. दुकानदारासमोर उभं राहून त्याच्याच मालाला नावं ठेवायची. रिक्षात बसून रिक्षावाल्याची उणीदुणी काढायची. मयूर विहारला आमच्या सोसायटीच्या फाटकाशी एक भाजीवाला बसायचा. एकदा मी सासूबाईंना म्हटलं, "चला पुढे, हा मेला लुबाडतोय." तो भेंडी निवडता निवडता, मान वर न करता म्हणाला, "ताई, लुबाडत नाही हो, माल ताजा आहे." दहा वर्षं नाशिकला काढून आला होता बाबा. धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं मला. सासूबाई मात्र घरी पोचेपर्यंत हसत होत्या. "भिंतीला कान असतात गं," म्हणाल्या, "आणि भेंडीलाही." पुढे कित्येक महिने आम्ही हा किस्सा पाहुण्यांना रंगवून सांगायचो. शहाणपण मात्र त्यातून काडीचं घेतलं नाही.

आमची मुलगी तीन वर्षांची झाली तरी बोलेना. हाक मारली तर बघेना, फरशीवर चमचा गरगर फिरवत तासन्‌तास बसायची. मग डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, आणि ऑटिझम हा शब्द आमच्या घरात राहायलाच आला. बोलणं शिकवणाऱ्या ज्या बाईंकडे आम्ही तिला नेत होतो, त्या म्हणाल्या, "घर में एक ही लैंग्वेज रखिए. हिंदी रख लीजिए, स्कूल में भी काम आएगी. मराठी अभी बिल्कुल बंद." असा सल्ला आता कुणी देत नाही म्हणे. तेव्हा सर्रास द्यायचे. आणि मी पडले केंद्र सरकारच्या एका मंत्रालयातली सेक्शन ऑफिसर. वरून आदेश आला की खाली कळवायचा, शंका काढायच्या नाहीत. त्याच संध्याकाळी चहाच्या टेबलावर मी हुकूम सोडला: पोरीशी आजपासून फक्त हिंदी.

नवऱ्याला काही फरक पडला नाही, तो इथेच वाढलेला. पंचाईत झाली सासूबाईंची. चाळीस वर्षं दिल्लीत काढूनही त्यांचं हिंदी "दूध उतू गया" याच्या पुढे सरकलं नव्हतं. "मग मी पोरीशी बोलू तरी काय?" त्यांनी विचारलं. "माझ्या हिंदीला तो दूधवाला हसतो." मी म्हटलं, "मग नका बोलू. नुसतं बसा तिच्याजवळ." असं म्हटलं मी. एका आजीला, तिच्या एकुलत्या एका नातीबद्दल. आणि वर माझंच कसं बरोबर म्हणून मिरवलंही.

त्या वाद घालणाऱ्यातल्या नव्हत्या. दुपारी आम्ही दोघं आपापल्या ऑफिसात असायचो. मुलगी शाळेतून आली की सासूबाईंच्या खोलीत असायची, दार लोटलेलं. संध्याकाळी मी झडती घ्यायची, "मराठी नाही ना बोललात?" बोलण्याआधी एकदा बारीक खोकायची त्यांची सवय होती. तसं खोकायच्या आणि म्हणायच्या, "छे गं. आम्ही आपल्या गप्प बसतो."

आणि मराठी? ती आम्हा नवराबायकोला आंदण मिळाली. पोरीला कळत नाही म्हटल्यावर तिच्यासमोर काय वाटेल ते बोलता यायचं. चहा पिताना बोलायचो, गाडीत बोलायचो. ती मागच्या सीटवर खिडकीला कपाळ टेकवून बसलेली आणि पुढे आमचं तिचंच दळण चाललेलं. हिचं कसं होणार. आपल्यामागे हिला कोण बघणार. आज शाळेत किती ओरडली. दुसरं मूल होऊ दिलं असतं तर. घरात कुणी झोपलेलं असलं तरी माणूस आवाज खाली आणतो. आम्ही तिच्यासाठी तेवढंही केलं नाही.

नऊ वर्षांची होईपर्यंत तिला जेमतेम वीसेक हिंदी शब्द आले. बाकी ती ऐकलेलं जसंच्या तसं म्हणायची, ज्याचं त्याच्या आवाजात. मेट्रोतली घोषणा अशी हुबेहूब, की अनोळखी माणूस दचकून वळून बघायचा. 'दरवाज़े बाईं ओर खुलेंगे' असं ती म्हणाली की समजायचं, हिला आता इथून निघायचंय. लग्नात म्हणायची, दवाखान्यात म्हणायची. एकदा घरी आलेल्या पाहुण्यांसमोर म्हणाली आणि पाहुणे खरंच उठले. एखादं वाक्य म्हटलं आणि त्यावर काही मिळालं, की ते तिच्या डोक्यात कायमचं बसायचं. ह्या वाक्याला हे मिळतं. मग जन्मात पुसलं जायचं नाही. हे मला ठाऊक होतं. चांगलं ठाऊक होतं, म्हणून तर मी पुढे जे केलं त्याला माफी नाही.

एका जानेवारीत मराठी मंडळाची बस पानिपतला निघाली, काला अंबला, लढाईत पडलेल्यांच्या स्मारकाशी. आम्हीही गेलो. थंडी मरणाची, आणि धुकं. महाराष्ट्रातून आलेल्या लोकांची गर्दी होती, जो तो मराठीत बोलत होता. एरवी आमची पोर अशा गर्दीत कान झाकून खाली बसायची. त्या दिवशी बसली नाही. धुक्यात माणसं धड दिसत नव्हती, नुसते आवाज येत होते, आणि ती एकेका आवाजाकडे वळत होती. इकडून कुणी "अहो, पाणी आणलंत का" म्हणालं की इकडे, तिकडून कुणी पोराला रागावलं की तिकडे. माझ्या अंगावर काटा आला. त्या जागेवर तसाही येतो. "घाबरलीय," मी म्हटलं. सासूबाई खोकल्या. "घाबरली नाहीये ती," म्हणाल्या. मी पुढे काही विचारलं नाही.

त्यानंतरच्या हिवाळ्यात न्यूमोनियाचं निमित्त झालं आणि त्या गेल्या.

मे महिना आला. शाळा बंद, मी लांब रजा टाकलेली. मुलगी रोज दुपारी शाळा सुटायच्या वेळेला सासूबाईंच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहायची. आत जायची नाही, मला जाऊ द्यायची नाही. बाकी दिवसभर ती बाल्कनीत. आमच्या सोसायटीत त्या वर्षी समर कॅम्प होता, पिवळे टी-शर्ट घालून पोरं सकाळी खाली जमायची. पाचव्या दिवशी मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तर ही पिवळा नाइट ड्रेस घालून, पायांत बूट चढवून दाराशी उभी. डाव्याचा उजव्यात, उजव्याचा डाव्यात. नऊ वर्षांत तिने अशी कुठे जायची इच्छा दाखवली नव्हती. म्हटलं, आता काय वाटेल ते होवो, ह्या सुट्टीत हिला कॅम्पला पाठवायचंच.

सोसायटीच्या कॅम्पवाल्यांनी हात जोडले. "भाभीजी, अपनी ही बच्ची है, पर रिस्क कौन लेगा?" दुसरीकडच्या बाई म्हणाल्या, बाकीचे पेरेंट्स काय म्हणतील. तिसऱ्यांनी सांगितलं, सोबत बाई आणा, पण ती बाई गेटबाहेर बसेल. अरे मग सोबत कसली? चौथी एक मोठी झकपक शाळा होती, तिथे एसी हॉलमध्ये बसवून, सरबत पाजून सांगितलं की आम्ही सगळ्या मुलांना सामावून घेतो, लेकिन इस साल नहीं. ह्यावर मला त्यांच्यासमोर हसू फुटलं. मी असं मागत तरी काय होते? शिट्टी वाजवू नका. मागून हात लावू नका. एक खेळ संपवून दुसरा सुरू करायचा तर पाच मिनिटं आधी तिला सांगा. गोंगाट सहन झाला नाही तर कोपऱ्यात एक चटई आणि दहा मिनिटं. चंद्र नव्हते मागत. प्रत्येक नकारानंतर गाडीत बसले की धाडकन दार आपटायची, एक उसासा टाकायची आणि नवऱ्याला म्हणायची, "हिला कुठंच घेणार नाहीत, बघ तू." नवरा म्हणायचा, "अगं, बघू." आणि गाडी सुरू करायचा. ती मागे खिडकीला कपाळ लावून बसलेली असायची.

नवऱ्याची नोकरी गुरुग्रामला होती. तिथल्या त्याच्या एका सहकाऱ्याने एक पत्ता दिला. उंच उंच टॉवरच्या मागे एक जुना बंगला, अंगणात कडुनिंब, आणि तिथे साठीच्या एक पंजाबी बाई मुलांचा पंधरा दिवसांचा कॅम्प घ्यायच्या. आवाज असा की रस्त्यापर्यंत यावा. पण माझ्या मुलीने कान झाकलेले बघितले आणि त्या आपल्या आपण कुजबुजीवर आल्या. कुणी न सांगता. तिथेच मी मनात म्हटलं, देवा, इथेच होऊ दे.

मी टिपण तयार करून नेलं होतं. सात पानं, परिशिष्टं वेगळी. हयात फायलींत गेलेल्या बाईकडून दुसरं काय होणार? त्यांनी ते चाळलं आणि हसल्या. "मैडम, ये तो पूरी फाइल है. मुझे एक पन्ना दीजिए. ऐसा कि मेरी आया दीदी भी पढ़ सके." मग म्हणाल्या, "तीन दिन देखते हैं. तीसरे दिन मैं आपको सच बताऊँगी. आप भी मुझे सच बताना. बस इतना ही क़ायदा है मेरा."

गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून मी सात पानांचं एक केलं. नऊ ओळी झाल्या. 'दरवाज़े बाईं ओर खुलेंगे' म्हणाली तर तिला बाहेर न्या, ही शेवटची.

आईबापांनी आत थांबायचं नाही असा नियम होता. नवरा आम्हाला सोडून ऑफिसला जायचा आणि मी गेटबाहेर, भिंतीच्या सावलीत एका दगडी बाकावर बसून राहायची. घोटाघोटाने पाणी पीत, आतला प्रत्येक आवाज ऐकत. पहिला दिवस तिने चटईवर काढला. पण रडली नाही. दुसऱ्या दिवशी चटई सोडून उठली आणि मातीकाम चाललं होतं तिथे जाऊन तिने दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलात घातले. आया दीदी सांगायला धावत बाहेर आली. मी त्या बाकावर बसून चक्क रडले. आता फक्त एक दिवस निभावायचा होता.

तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला बाई स्वतः गेटबाहेर आल्या. हातात मोबाइल.

"मैडम, सुबह से कुछ बोल रही है, बार-बार. रो नहीं रही, पर कुछ चाहिए उसको. हमारी समझ में नहीं आ रहा. शायद आपकी भाषा है. मैंने रिकॉर्ड किया है, आप सुनकर बताइए क्या माँग रही है. वही दे देंगे."

"मराठी उसे आती ही नहीं," मी म्हटलं. अगदी ठामपणे म्हटलं. आणि मोबाइल कानाला लावला.

आधी एक बारीक खोकला ऐकू आला. सासूबाईंचा. मग त्यांचा आवाज, कवळी जराशी सैल झाल्यावर यायचा तसा, लाडात आलेला, हळू. "कुणाला सांगायचं नाही हं. आईला तर नाहीच. तू नि मी." त्यांना जाऊन पाच महिने झाले होते. वर जूनचं ऊन मी म्हणत होतं. क्षणभर मला खरंच वाटलं की त्या आत आहेत, त्या गेटच्या पलीकडे, चटईवर पोरीला घेऊन बसल्यात. मग हळूहळू उजेड पडला. त्या सगळ्या दुपारी. लोटलेलं दार. छे गं, आम्ही आपल्या गप्प बसतो. सहा वर्षं म्हातारी माझ्या तोंडावर खोटं बोलत होती आणि सहा वर्षं पोरीने ते गुपित पोटात ठेवलं होतं. मला रागही आला, आणि त्यांचे पाय धरावेसेही वाटले.

पण क्लिप संपली नव्हती. मुलीने ओठांनी धाडकन असा आवाज काढला, गाडीचं दार लागल्याचा. मग एक उसासा. तो मी ओळखला. मग मीच बोलले. "हिला कुठंच घेणार नाहीत, बघ तू." पुन्हा दार, पुन्हा उसासा, पुन्हा मी. माझी चिडचिड, माझा शेवटचा तो खाली पडणारा सूर, सगळं. चार वेळा मोजलं मी. म्हणजे तिला मराठी येत होतं. म्हणजे चहाच्या टेबलावरचं सगळं, गाडीतलं सगळं, आपल्यामागे हिला कोण बघणार, दुसरं मूल होऊ दिलं असतं तर, हे सगळं तिच्यापर्यंत रोज पोचत होतं.

बाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. "क्या माँग रही है?" मी मोबाइल त्यांच्या हातात परत दिला. त्यांनीच विचारलं, "पानी?"

मी मान डोलावली.

आजवर मी ह्या एका क्षणाला हजारदा परत गेले आहे. त्या बाईंनी खरं सांगायचा कायदा घातला होता. मला म्हणता आलं असतं, हे माझे शब्द आहेत, तिच्यादेखत बोललेले, आणि ती घाबरली आहे, तिला सांगा की तुम्ही तिला घेतलंय. एवढंच तर सांगायचं होतं. हिंदीत तीन वाक्यं. पण मला लाज वाटली. आणि भीती, की आई असल्या काळ्या जिभेची आहे हे कळलं तर पोरीलाही ठेवून घेणार नाहीत. म्हणून मान डोलावली.

"अरे पानी दो बच्ची को!" बाई आत वळून ओरडल्या, मग जीभ चावून आवाज खाली आणला. "पानी माँग रही है."

गेटच्या फटीतून मला दिसलं. आया दीदीने बाटली पुढे केली. मुलीने बाटलीकडे बघितलं, मग दीदीकडे बघितलं, खूप वेळ बघितलं. मग घटाघटा पाणी प्यायली. तहान तर असणारच, जून होता. पिऊन झाल्यावर गप्प झाली आणि चिखलाकडे गेली.

"देखा?" बाई म्हणाल्या. "इतनी सी बात थी. चलेगी, बिल्कुल चलेगी." अशी माझ्या मुलीला कॅम्पमध्ये जागा मिळाली.

पुढचे बारा दिवस तिच्या आयुष्यातले सगळ्यात चांगले होते, हे मला खोटं म्हणता येत नाही. तिने टबात पाय सोडून दुसऱ्या मुलांवर पाणी उडवलं. तिने एक लांबट भांडं केलं, ते अजून माझ्या खिडकीत आहे. शिट्टी कुणी वाजवली नाही. गाडीत ती येता-जाता गुणगुणायची. पुढच्या सीटवर मी तोंड शिवून बसलेली. नवरा विचारायचा, "बोलत का नाहीस गं?" मी म्हणायची, "डोकं दुखतंय." त्याला सांगायचं धाडस मला झालं नाही.

शेवटच्या दिवशी आईबापांना बोलावलं होतं. मुलांनी केलेल्या वस्तू मांडलेल्या, सगळे कडुनिंबाखाली उभे. दोन वेण्या घातलेली एक सात-आठ वर्षांची चिमुरडी पाण्याची बाटली घेऊन माझ्या मुलीसमोर आली आणि गोड आवाजात, शब्द तोडत तोडत म्हणाली, "हिला कुठंच घेणार नाहीत, बघ तू?" माझ्या मुलीने बाटली घेतली, पाणी प्यायली. बाजूची दोन पोरंही तेच म्हणू लागली, गाणं म्हटल्यासारखं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाई कौतुकाने माझ्याकडे वळल्या. "देखिए, हम सबने मराठी सीख ली!"

त्या अंगणात ते वाक्य कळणारी तीनच माणसं होती. नवऱ्याचा चेहरा पांढरा पडला. "हे काय म्हणतायत?" तो म्हणाला.

"पाणी," मी म्हटलं.

त्याने मुलीचं ते भांडं उचललं आणि तो गाडीकडे चालायला लागला. परतीच्या वाटेवर आम्ही बोललो नाही. बोलणार कशात? हिंदी तिला कळत होतं, मराठी तर त्याहून जास्त येत होतं. आमच्या घरात गुपित बोलायला भाषाच उरली नव्हती. यमुनेच्या पुलावर गाड्या तुंबल्या होत्या. नवऱ्याने आरशात बघितलं आणि सहा वर्षांनी पहिल्यांदा तिला मराठीत विचारलं, "बरं वाटलं का गं कॅम्पला?" मागून एक बारीक खोकला आला. बाकी काही नाही. घरी पोचल्यावर मी त्याला सगळं सांगितलं. तो इतकंच म्हणाला, "तू म्हणायचीस, पण मीही ऐकायचोच की."

त्यानंतर घरात मराठी मोकळी झाली. काखेत कळसा नि गावाला वळसा अशी गत. सहा वर्षं जिला आम्ही पैलतीरावर समजत होतो ती 'पंखा लाव' म्हटलं की पंखा लावायची, 'आजीचा चष्मा आण' म्हटलं की बरोबर त्या खणातून आणायची. 'पाणी' म्हणायलाही शिकली. चित्र दाखवलं की म्हणते, पाणी. पण खरी तहान लागली की स्वयंपाकघराच्या दाराशी येते, उसासा टाकते आणि म्हणते, हिला कुठंच घेणार नाहीत, बघ तू. मी शिकवून थकले, शिकवणाऱ्या बायका थकल्या. पुढे दर वर्षी कुठे ना कुठे कॅम्प, वर्ग, शिबिर असायचं आणि मी ते एक पान नव्याने लिहायची. नऊ ओळींच्या दहा झाल्या होत्या. दहावी अशी: असं म्हणाली तर पाणी द्या. तिचं ते मराठी वाक्य देवनागरीत, माझ्या अक्षरात. हिंदी बोलणाऱ्यांना देवनागरी वाचता येते, ते ठेचाळत वाचायचे आणि मान डोलवायचे. अर्थ कधी कुणी विचारला नाही.

आता ती बावीस वर्षांची आहे. मी निवृत्त झाले. माझा आवाज आता बसका झालाय, पण तिच्याकडे माझा त्या मे महिन्यातला आवाज आहे, चिडलेला, ताठ. मी पोळ्या करत असते आणि बाहेरच्या खोलीतून माझीच मी बोलते. सासूबाईही येतात, बहुतेक दुपारच्या. खोकतात आणि म्हणतात, कुणाला सांगायचं नाही हं. त्यांनी जाताना पोरीला लाड ठेवला. मी काय ठेवणार आहे, ते मला रोज ऐकू येतं. मी मेल्यावरही ते थांबायचं नाही, ह्या विचाराने मला खरोखर भीती वाटते.

गेल्या महिन्यात नोएडातल्या एका केंद्रात गेलो होतो. तिथे मोठी झालेली मुलं दिवसभर कामं शिकतात, पुढे राहण्याचीही सोय होणार आहे. आम्हा दोघांनंतरचं बघायला हवं ना. टेबलापलीकडे पंचविशीची एक मुलगी होती. माझं पान तिने वाचायला घेतलं. एक, दोन, तीन, शिट्टी, चटई. दहाव्या ओळीवर थांबली. वर बघितलं नाही, ओळीवर बोट ठेवून बसून राहिली. ती अमरावतीची होती, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

"काकू," ती मराठीत म्हणाली, "हे कुणाचं वाक्य आहे?"

"माझं," मी म्हटलं. आणि तिसऱ्या दिवसाचं सगळं तिला सांगितलं, जे त्या बाईंना सांगायचं राहिलं होतं. माझी मुलगी माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली होती. ह्या वेळी तिच्यादेखत बोलतेय हे मला माहीत होतं.

माझं सांगून झालं. मग शेजारून दार आपटलं, उसासा आला. "हिला कुठंच घेणार नाहीत, बघ तू."

त्या अमरावतीच्या मुलीने माझ्याकडे बघितलंच नाही. ती माझ्या मुलीकडे वळली. "घेऊ ना गं," म्हणाली. "का नाही घेणार?" तेरा वर्षांत त्या वाक्याला कुणी उत्तर दिलं नव्हतं. मग ती उठली, कोपऱ्यातल्या माठातून ग्लास भरून आणला आणि माझ्या मुलीच्या हातात दिला.

मुलीने ग्लास घेतला. पण प्यायली नाही. त्या मुलीच्या तोंडाकडे बघत राहिली, अगदी वाकून, जवळून. आणि भरलेला ग्लास हातात तसाच धरून, तिने तिला पुन्हा म्हटलं, "हिला कुठंच घेणार नाहीत, बघ तू."